अवशेचं पान

बोक्याने आजही नेमकी भिकाजीच्याच अंथरुणावर धार सोडली होती. शेजारी सासूची वाकळ, दोरीवर धुतलेलं लुगडं, कोपऱ्यात भाताची कणगी. पण त्या मेल्याला दुसरं काही दिसेल तर शपथ. यशोदेने भिकाजीची वाकळ उचलून नाकाशी नेली आणि तोंड फिरवलं. रिठे झाले, राख झाली, लिंबाच्या साली चोळून झाल्या, वास जागचा हलेना. वर तो माजघराच्या उंबऱ्यात बसून असा काही रडत होता, की भर दुपारी अंगावर काटा यावा. ऐकता ऐकता ते मांजराचं रडणं वाटेनासं व्हायचं, कुणी बाप्या माणूस गळा काढतोय असं वाटायचं.

पडाव भर दर्यात बुडाला तेव्हा त्यावर खलाशी असलेला भिकाजी गेला असंच सगळ्यांनी धरलं होतं. दर्भाचा पुतळा करून जाळला, यशोदेने बांगड्या फोडल्या, आणि दर अवशेला, दर अमावास्येला, त्याच्या नावाचं पान वाढून मागल्या दारच्या दगडी गडग्यावर ठेवायला सुरुवात झाली. कावळा काही त्याला शिवला नाही. आला तो हा बोका. सासूने, काशीबाईने, त्याला मांडीवर घेऊन पानातला घास भरवला आणि त्या दिवसापासून तो तिचा झील, तिचा मुलगा झाला. आता शिमग्यात खराखुरा भिकाजी मुंबईच्या बोटीने देवगडला उतरला आणि आपल्या पायांनी मिठबावला घरी आला. बसऱ्याच्या बाजूला आजारपणात अडकून पडला होता म्हणे. जित्या माणसाचं पान कोण वाढतं? ते बंद झालं. बोक्याने घर डोक्यावर घेतलं, आणि म्हातारी मुलाशी एक अक्षर बोलली नाही.

खोटं कशाला बोला, तो दारात उभा राहिला तेव्हा यशोदेनेही आधी त्याच्या पायांकडेच पाहिलं होतं, टाचा मागे आहेत की पुढे.

गणपत आला तो गोणपाट आणि सुरी घेऊनच. बैल खच्ची करायचे तर गावात त्यालाच बोलावत.

"घरात दुसरो नर इलो काय बोको असाच करता," अंथरुणाचा वास घेत तो म्हणाला. "आपली हद्द राखता. एकदा कापलंय काय गप बसतलो."

"मग काप," भिकाजी म्हणाला. त्याने मान वर केली नाही. "नायतर ऱ्हवांदे तेकाच हय. मी उद्याच्या बोटीन जातंय. परत येवचंय नाय."

यशोदेचा हात कपाळाकडे गेला. एकदा ह्याच माणसाच्या नावाने तिने कपाळ पुसलं होतं. तेव्हा निदान तो मेला होता.

गणपतने गोणपाट उघडलं तशी काशीबाई बोक्याला पदरात घेऊन भिंतीला टेकली.

"माझ्या झीलाक हात लावलंस तर बघ."

"मावशे, तुझो झील ह्यो काय उभो आसा."

"तेका मी जाळलंय," म्हातारी शांतपणे म्हणाली.

गणपतने सुरी मिटली, भिकाजीकडे एकदा पाहिलं आणि पायऱ्या उतरून निघून गेला.

त्या दिवशी अवस होती. म्हातारी उठली, चुलीपाशी गेली आणि केळीच्या पानावर भात वाढला, वर काळ्या वाटाण्याचं सांबारं, कडेला एक वडा. यशोदेला आडवं जायचा धीर झाला नाही. काशीबाईने पान गडग्यावर ठेवलं आणि पाण्याचा तांब्या आणायला ती आत वळली. बोका शेपटी ताठ करून पानाकडे निघाला.

भिकाजी त्याच्या आधी पोचला. गडग्यापाशी उकिडवा बसला आणि त्याने भात कालवायला घेतला.

"अवो, ता खाव नकात," यशोदा धावली. "ता गेलेल्याचा पान."

"माझ्याच नावाचा मां?" तो म्हणाला आणि त्याने घास तोंडात घातला.

तो महिनाभर उपाशी असल्यासारखा जेवत होता. डोळ्यांतलं पाणी भातात पडत होतं. बोका जवळ आला, त्याने भिकाजीच्या कोपराला नाक लावलं आणि मुकाट्याने शेजारी बसला. किती दिवसांनी घर गप झालं होतं.

काशीबाई तांब्या घेऊन आली आणि थबकली. मग खाली वाकून तिने भिकाजीच्या डोक्यावरून पाठीपर्यंत हात फिरवला. त्याच्या चेहऱ्यात ती काहीतरी शोधत राहिली, आणि तिला ते सापडलं असावं.

"इलंस रे भिकाजी?"

"होय गे आये."

यशोदेने पदर तोंडात कोंबला. उद्याची बोट टळली, बरं झालं, माझं घर राहिलं, असं तिला वाटलं आणि ती दाराला टेकून रडायला लागली.

म्हातारीने त्याच्या हातात तांब्या दिला, आपल्या पदराने त्याचं तोंड पुसलं.

"जेव, बाबा, पोटभर जेव," ती मायेने म्हणाली. "आणि काळोख पडायच्या आधी जा हां. पुढच्या अवशेक मी पान ठेवतंय."