कोंबडीचा पाय

"कोंबडी अजून चालत नाही. मग मी कशी चालू?" सानातू म्हणाली आणि तिने खाटेखाली सोडलेला पाय पुन्हा पांघरुणात घेतला.

डॉक्टर वुम्पिनींनी कपाळाला हात लावला. तिच्या नडगीचं हाड त्यांनीच बसवलं होतं. एक्स-रेमध्ये ते झकास जुळलेलं दिसत होतं. प्लास्टर कापून आठवडा उलटला होता. पण सानातू तीनचाकीवरून पडली त्याच दिवशी तिच्या भावाने घरची एक कोंबडी उचलून हाडवैद्य नापारीबाबांकडे पोचवली होती. माणसाचा पाय मोडला की हाडवैद्याने कोंबडीचा पाय मोडायचा, पट्ट्या बांधायच्या, औषध चोळायचं. कोंबडी चालली की माणसाने चालायचं. त्याआधी जमिनीला पाय लावला तर तो पाय कायमचा गेला, ही सगळ्यांची खात्री. सरकारी दवाखान्यात भरती झालं म्हणून कोंबडी कुणी चुकवत नसे.

"अहो बाई, तुमचं हाड इथे आहे, त्या कोंबडीच्या तंगडीत नाही. फोटोत बघा, कसं जुळलंय."

"फोटोत मी झोपलेलीच आहे, डॉक्टर."

शेजारच्या खाटांवर हशा पिकला. डॉक्टरांना हसू आलं नाही. पाय असाच पडून राहिला तर घोटा आखडणार आणि बाई जन्माची लंगडी होणार. रानात शियाच्या झाडांची फळं गळायला लागली होती. त्यांच्या बियांचं लोणी काढून सानातूचं घर वर्षभर चालायचं, आणि फळं वेचायची तर कोसन् कोस पायपीट. सकाळी बायका टोपल्या घेऊन दवाखान्यावरून जायला लागल्या की ती खिडकीकडे पाठ करून पडायची. हंगाम बुडण्याची भीती तिलाही होती, पण कोंबडीचा धाक त्याहून मोठा.

दुपारी डॉक्टरांनी एक्स-रे काखेत मारला आणि मोटारसायकलला लाथ घातली.

नापारीबाबा कडुलिंबाखाली बोरूच्या पट्ट्या तासत बसले होते. डॉक्टर भांडायला आले होते. पण वडीलधाऱ्यापुढे उकिडवं बसून आधी घराची, गुरांची, पेरणीची खुशाली विचारणं भागच होतं. तेवढ्यात निम्मा राग निघून गेला. उरलेल्या रागात त्यांनी कोंबडी मागितली.

बाबांनी टोपली उचलली. कोंबडीचा एक पाय पट्ट्यांमध्ये घट्ट बांधलेला होता. डॉक्टरांनी पट्ट्यांच्या फटीतून बोट घालून हाड चाचपलं. जुळलेल्या हाडावर बोटाला गाठ लागते. इथे ती नव्हती. त्यांनी वरपासून खालपर्यंत पुन्हा चाचपलं.

"बाबा, हा पाय कधी मोडलेलाच नाही."

"नाहीच मोडला," बाबा म्हणाले. "मुक्या जिवाचा पाय कशाला मोडायचा? मी नुसता बांधतो. नाहीतर आपली माणसं गप पडून राहतात होय? दुसऱ्या दिवशी शेतात जातील."

डॉक्टरांना आता जोर चढला. "मग सोडत का नाही? तुमच्यापायी ती बाई लंगडी होईल."

"कसा सोडू? बाई माझ्याकडे असती तर तिचं हाड बोटांनी बघून सोडला असता. हाड तुम्ही बसवलंत. ते जुळलं की नाही, मला काय स्वप्न पडणार?"

"तिच्या भावाने सांगितलं नाही?"

"रोज सांगतो. त्याला हाडातलं काय कळतं? ज्याने हाड बसवलं त्याचा निरोप यायला हवा. मी तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसलोय. प्लास्टर कापलंत, मग कळवायचं नाही?"

डॉक्टर ओशाळले. म्हाताऱ्याला खजील करायला आणलेला एक्स-रे त्यांनी मुकाट्याने उन्हात धरला. बाबांनी हाडाच्या जोडावरून बोट फिरवलं, मान हलवली आणि सुरीने कोंबडीची दोरी कापली. कोंबडी उभी राहिली, डगमगली आणि कलंडली.

"आखडलाय," दोघेही एकदमच म्हणाले.

उरलेली दुपार डॉक्टरांनी कोंबडीचा पाय वाकवण्यात आणि सरळ करण्यात घालवली. कोंबडीने त्यांच्या हातांची चाळण केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी कोंबडी दवाखान्यातल्या फरशीवर सोडली. ती थोडी लंगडत मक्याच्या दाण्यापर्यंत गेली. सगळ्या खाटा श्वास रोखून बघत होत्या. सानातूने पाय खाली सोडला, खाटेचा कठडा धरला आणि मग तो सोडून दिला. तीही थोडी लंगडतच खिडकीपर्यंत गेली. तिथे उभी राहून ती रडली, मग पदराने तोंड पुसून डॉक्टरांकडे वळली.

"हाताला गुण असावा लागतो, डॉक्टर. नुसते फोटो काढून होत नाही."

कोंबडीने टोचलेले हात डॉक्टरांनी कोटाच्या खिशात घातले. दाराजवळच्या खाटेवर एक ट्रकवाला होता. त्याचं प्लास्टर उद्या कापायचं होतं. त्याची बायको त्याला लापशी भरवत होती. डॉक्टर तिच्याजवळ वाकले आणि हळूच म्हणाले, "तुमची कोंबडी कुणाकडे बांधलीय?"