बदकांची राखण

या महिन्यात घारीनं माझं तिसरं बदक उचललं. तेव्हापासून सकाळ झाली की मी परसातल्या डबक्याशी काठी घेऊन उभी असते. वर बघून बघून मान धरलीय.

"जुन्या सीड्या टांग, चकाकल्या की घार खाली उतरत नाही," लेक म्हणाली. आठवड्यापूर्वी ती सासरहून एकटीच आली होती. कपाटातून तिनं दोन सीड्या आणल्या.

"अगं, या तुझ्या लग्नाच्या आहेत!"

"माहितीय. सुतळी दे."

बांबूला गाठ मारताना तिची बाही सरकली. दंडावरचा काळानिळा वळ दिसला आणि मी पुन्हा आभाळाकडे बघायला लागले.

"बदकांसाठी दिवसभर उन्हात उभी राहतेस, आई," ती गाठ आवळत म्हणाली. "मला मात्र दोनदा सासरी परत पाठवलंस."

सीड्या वाऱ्यावर फिरू लागल्या. घार दोन गिरक्या घेऊन निघून गेली. मी बसणारच होते, तेवढ्यात फाटकाबाहेरून जावयांची हाक आली, "तिला आवरायला सांगा, न्यायला आलोय."

 काठी टेकत फाटकापर्यंत गेले आणि आतून कडी घातली.