शुभेच्छुकांची रांग

संध्याकाळी साडेसहाला नव्याने लागलेल्या संस्कृतीने केजच्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात दैनिकाच्या ऑफिसात आणली. जाहिरात समन्वयक जाहेदा त्याच पुढाऱ्याच्या ओसरीवर वर्षानुवर्षं खेटे घालत होती. दरवेळी पाव पानावर तिची बोळवण व्हायची. “नवी पोरगी लई तयारीची हाय,” मालक सगळ्यांसमोर म्हणाले, “दिवाळीपासून केजच्या जाहिराती तिलाच देऊ.” जाहेदा ओठांनीच हसली. पान तपासायला तिच्याकडेच आलं. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत पहिलाच फोटो पाटोद्याच्या बापूंचा होता. पुढाऱ्याचे हे जुने साथीदार दुपारीच त्याच्या विरोधकांना जाऊन मिळाल्याचं तिला वार्ताहराने सांगितलं होतं. संस्कृतीला गंधवार्ताही नव्हती. “आपा, तुमी बघितलं की मला घोर न्हाई,” संस्कृती म्हणाली. जाहेदाने बापूंच्या फोटोवरून नजर काढली आणि सही केली. पान छपाईला गेलं. संस्कृतीने लगेच पुढाऱ्याला फोन लावला: “साहेब, पान आमच्या आपांनी स्वतः तपासलंय.”