बाबांच्या छातीची हजामत

बाबांचा ईसीजी नॉर्मल आला. पण तूर्त तो आलाच नाही असं समजू, कारण बाबा अजून तपासणीच्या टेबलावर उघडेबंब बसलेत, आडवं व्हायला तयार नाहीत. काका हार्टअटॅकने गेल्यापासून आई तपासणीसाठी त्यांच्या मागे लागलेली. आज तिने अर्ध्या दाढीच्या गिऱ्हाइकासकट बाबांच्या सलूनला कुलूप लावून त्यांना आणलं. “केसांवर पट्ट्या चिकटत नाहीत, छाती भादरावी लागेल,” म्हणत नर्सने रेझर उचलला. बाबा दचकले. “ताई, असा धरतात?” “मग तुम्ही धरा,” आई म्हणाली. “तपासणी झाल्याशिवाय हलायचं नाही.” बाबांनी छाती भादरली, सवयीने स्वतःलाच “मालीश करू?” विचारलं आणि निमूट आडवे झाले. “आज तरी ठीक,” रेषा बघून डॉक्टर म्हणाले. “‘आज तरी’ नको,” आई तिच्या सरकारी कचेरीतल्या सवयीने म्हणाली. “सदर हृदय माझ्याआधी बंद पडू नये, असा लेखी आदेश मिळावा.”