तिसरी कॉफी

ओब्राद न बोलावता शेफिकाच्या घरी आला आणि दाराजवळच्या कोचावर ऐसपैस बसला. राहायला समोरच, वकीलबाईंची गाडी त्याला खिडकीतून दिसली असणारच.

हॅरिएटनं टेपरेकॉर्डर बंद केला. लढाईच्या दिवसांत ही इंग्रज बाई पिठाचे ट्रक घेऊन बोस्नियातल्या या डोंगरांत यायची. आता ती वकील म्हणून युद्धगुन्ह्यांच्या कोर्टासाठी साक्षी गोळा करत होती. शेफिकाच्या नवऱ्याला आणि निहादला, तिच्या एकुलत्या एका पोराला, घरातून ओढून कोणी नेलं, तेवढं एक नाव हॅरिएटला हवं होतं. मुदत आज संपत होती. साक्ष नाही तर खटला नाही.

आणि ते नाव समोर बसून टाचा हलवत होतं.

आलेल्याला कॉफी द्यायलाच हवी. शेफिकानं दिली, पहिली, स्वागताची. ओब्रादनं साखरेचा खडा बुडवून चोखला आणि यंदा आलुबुखार बरा धरल्याचं सांगितलं. मग दुसरी, गप्पांची. गप्पा त्याच्या एकट्याच्याच चालल्या होत्या. बाहेरचे लोक येतात, खपल्या काढतात आणि विमानात बसून निघून जातात, शेजाऱ्याला मात्र शेजाऱ्याशिवाय गत नाही, असं तो हॅरिएटला समजावत होता.

"वहिनी, सांगा की बाईंना. आपल्यात कधी काही वाकडं आलंय का?"

वहिनी! शेफिकाला त्याला हाकलून द्यावंसं वाटलं. पण दारी आलेल्याला 'ऊठ' म्हणायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. शिवाय हॅरिएट गेल्यावर त्या समोरच्या खिडकीपुढे राहायचं तिलाच होतं.

हॅरिएट हळूहळू वायर गुंडाळू लागली. ती काय समजायचं ते समजली होती. साक्षीदारावर जबरदस्ती करणाऱ्यांतली ती नव्हती.

शेफिका उठून आत गेली. कॉफी उतू गेली. तिनं ती पुसलीही नाही. बाहेर आली तेव्हा तबकात एकच पेला होता. तो तिनं ओब्रादपुढे ठेवला.

तिसरी कॉफी पाहुण्याला दार दाखवते. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. जिवलगांना ती थट्टेत देतात. इथे कुणी हसलं नाही.

हॅरिएट पर्स घेऊन उठली. तिलाही ही रीत ठाऊक होती.

"तू बस," शेफिका तिला म्हणाली. "ते यंत्र चालू कर."

ओब्रादचा चेहरा उतरला, पण तो जागचा हलला नाही. "माझी कॉफी व्हायचीय अजून, वहिनी," तो हळूच म्हणाला. आवाजात धमकी होती.

शेफिका त्याच्या अगदी समोर बसली.

"पी की सावकाश. तोवर मी बाईंना नाव सांगते."