बहात्तरची मोजणी

"हा रकाना रिकामा राहिलाय," असं म्हणत निवडणूक अधिकाऱ्यानं अर्ज रोझलीनकडे परत सरकवला. "समाज लिहा. हिंदू, मुसलमान, चिनी, नाहीतर बाकी सगळ्यांसाठी सर्वसाधारण. चारांतला एक. तीन वाजले की दार बंद, आणि अर्ज बाद."

तीनला अकरा मिनिटं होती. बेटाच्या किनाऱ्यावरच्या माहेबूर गावातल्या शाळेच्या त्या वर्गाबाहेर कोळी बायाबाप्ये उन्हात ताटकळत होते. हॉटेलवाल्यांनी कुंपण घालून त्यांची होड्या ओढायची वाळू अडवली होती, म्हणून त्यांनी रोझलीन आह-किनला उभं केलं होतं. तिचा आवाज चढला की अख्खा मासळीबाजार गप्प व्हायचा. ती बाई आज एका शब्दापाशी अडली होती.

"बाप चिनी दुकानदार," ती म्हणाली. "आई क्रेओल, मिश्र रक्ताची. आईची आई तमिळ. रविवारी मी चर्चला जाते. एप्रिलमध्ये बापाकडच्या थडग्यांवर संत्री ठेवते. आणि तमिळांचा कावडीचा सण यायचा असला की दहा दिवस मासळी तोंडात घालत नाही. धंदा मासळीचा, तरी! आता तुम्हीच सांगा साहेब, मी कोण?"

"कायदा म्हणतो, जशी राहणी तसा समाज."

"मग राहणीच तर सांगितली."

शेजारच्या बाकावर मोठ्या पक्षाचा वकील बसला होता. तो हसला. "चिनी लिहा, बाई. चिनी उमेदवार तसेच थोडे. ज्या समाजाचे लोक कमी निवडून येतात, त्यातल्या हरलेल्यालाही खुर्ची मिळते. हरलात तरी संसदेत बसाल."

"तुमचे साहेब गेल्या खेपेला बसले तसं? हरून बसायचं असतं तर मी घरीच बसले असते की."

वकिलाचं हसू थोडं आखडलं. रोझलीननं पेन उचललं, पुन्हा खाली ठेवलं. एक वेगळंच कुतूहल तिच्या मनात शिरलं होतं.

"साहेब, कोणता समाज कमी अन् कोणता जास्त, हे ठरतं कशावरून?"

"बहात्तरच्या खानेसुमारीवरून. त्यानंतर मोजणीत समाज विचारलाच नाही."

"बहात्तरला मी चार वर्षांची होते. मला कुठल्या रकान्यात मोजलं?"

"ते आता कोण सांगणार?"

मागे कुणीतरी खाकरलं. ते बोलाकीकाका होते. निवृत्त मास्तर. रोझलीनच्या अर्जावर पाठिंब्याची पहिली सही त्यांची. दर शनिवारी बैठकेत रामायण गाणारा त्यांचा गळा असा, की ऐकणारे निघताना चप्पल घालायला विसरायचे. आत्ता मात्र तो बसका निघाला.

"मी सांगतो," ते म्हणाले. "त्या मोजणीत तुमची गल्ली माझ्याकडेच होती, पोरी. वीस वर्षांचा होतो. दुपारी तुझ्या आजीकडे पोचलो, तर तिनं आधी ताटच वाढलं. माखलीचं कालवण. माझा शनिवारचा उपास, पण वास असा की मारुतीरायानंसुद्धा क्षमा केली असती. जेवल्यावर विचारलं, आजी, घरातल्यांचा समाज कोणता लिहू? म्हणाली, पोटभर जेवलास ना बाळा? मग तूच बघ."

"मग?"

"मग काय. संध्याकाळी घरी बसून रकाने भरले. थोरल्या जिनेतचे डोळे बापासारखे, ती चिनी. धाकटीचे केस आईसारखे कुरळे, ती सर्वसाधारण. तू आजीच्या मांडीवर बसून तिच्या कपाळाचं भस्म आपल्या कपाळाला फासत होतीस. तुला हिंदू लिहिलं."

अधिकाऱ्यानं चष्मा काढला. "एका आईच्या तीन मुली तीन रकान्यांत?"

"वाटलं, पुढच्या मोजणीत दुरुस्त करू." काकांनी मान खाली घातली. "पुढं कुणी विचारलंच नाही."

रोझलीन त्यांच्याकडे वळली. राग यायला हवा होता. पण पोटातून हसूच वर आलं, आणि त्याच्या पाठोपाठ, का कोण जाणे, आजीची आठवण. तिनं गळ्यातला क्रूस ब्लाउजच्या आत सारला, मग विचार बदलून पुन्हा बाहेर काढला. पेन उचललं. रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं, हिंदू.

वकील ताडकन उठला. "नाव आह-किन, गळ्यात क्रूस, आणि हिंदू? कायद्याची थट्टा चालवलीय! उद्या सकाळी कोर्टात जाऊन हा अर्ज रद्द करून आणतो."

"जा की. सरकारनं मला जिथं मोजलं, तेच मी लिहिलंय. साक्षीदार हा इथं उभा."

अधिकाऱ्यानं घड्याळ पाहिलं. तीनला दोन कमी. त्यानं शिक्का उचलला आणि अर्जावर दाबला.

बोलाकीकाका बाकांमधून वाट काढत पुढे आले. पन्नास वर्षं छातीवर असलेलं ओझं उतरल्यासारखा त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. त्यांनी सदऱ्याचं गळ्याजवळचं बटण लावलं.

"कोर्टात मलाच विचारतील ना, वकीलसाहेब?" गळा आता बैठकेतल्यासारखा खुलला होता. "येतो मी. सगळं सांगतो. त्या गल्लीत चाळीस घरं होती, आणि चाळीसांचेही रकाने मी असेच भरले."