वकीलसाहेबांचं ओके

"ओके," सासरे म्हणाले, आणि सासूबाईंनी उठून खिडकी लावली.

सून बघतच राहिली. "आई, हे खिडकीचं होतं कशावरून?"

"तुटक होतं ना. तुटक म्हणजे वारा लागतोय. ओढलं, की चहा गार आहे. पाठोपाठ दोनदा आलं, की मात्र त्यांची काठी घेऊन पळायचं, संडास गाठायचा असतो."

सासरे वकील होते. त्या घरात वाक्य सुरू करायची मुभा सगळ्यांना होती. पूर्ण करायचा अधिकार एकट्या वकीलसाहेबांचा. मग एका सकाळी दाढी करताना मेंदूतल्या एका बारीकशा नसेने दगा दिला आणि सगळी भाषा वाहून गेली. तळाशी हा एकच शब्द उरला. गंमत म्हणजे, धडधाकट असताना त्यांनी तो कधी वापरलाच नव्हता. कुणाचं म्हणणं मान्य केलं असतं तर वापरला असता.

सासूबाई रोज झोपताना हात जोडत. "एक तरी ठेवलास, देवा. उपकार झाले."

आणि त्या स्वतः बोलू लागल्या होत्या. संध्याकाळी नवऱ्याच्या खुर्चीला खुर्ची लावून बसत आणि लहानपणापासूनचं सांगत. शाळेत असताना त्या पोहण्यात पहिल्या यायच्या, हे सुनेला तेव्हा कळलं. वकीलसाहेबांनाही तेव्हाच. "ओ...के?" ते म्हणत. म्हणजे, मग पुढे काय झालं.

वाचा शिकवणाऱ्या ताई आठवड्यातून दोनदा येत आणि लक्ष उडू नये म्हणून खोलीचं दार लावून घेत. दार लागलं रे लागलं, की स्वयंपाकघरात सासूबाईंचा मिक्सर सुरू.

"आई, नेमकं त्याच वेळी? ताईंना बाबांचा शब्द तरी ऐकू जात असेल का?"

"एकच तर आहे. नाही ऐकू गेला तरी पाठ आहे त्यांना."

"आणि एवढं वाटता, ते जातं कुठे? ताटात तर काही दिसत नाही."

"तुझ्या नवऱ्याच्या पोटात. विचार त्याला, खरं सांगतो का."

नवऱ्याच्या डोक्यात मात्र वेगळंच चक्र फिरत होतं. रात्री जेवताना तो म्हणाला, "बाबांना उपचार केंद्रात ठेवू या. निदान तीन महिने. इतके तास झाले, एका शब्दाचे दोन झाले नाहीत."

"मी जाईन बरोबर," सासूबाई म्हणाल्या.

"तिथे घरच्यांना राहू देत नाहीत, आई."

सासूबाईंनी हातातली वाटी खाली ठेवली. पुन्हा उचलली नाही.

मुलगा वडिलांकडे वळला. "बाबा, जायचं ना?"

"ओके."

"बघ, तयार आहेत."

"हे नाहीचं आहे."

"आई, सगळे अर्थ तूच लावणार?"

"आजवर त्यांनी लावले. आता माझी पाळी."

शेवटी तडजोड झाली. उद्या ताईंनी फरक आहे असं सांगितलं, तर मुक्काम घरीच. नाहीतर परवा सकाळी गाडी.

दुसऱ्या दिवशी तास संपायच्या आधीच ताई बाहेर आल्या. दार मागे ओढून घेतलं. स्वयंपाकघरात मिक्सर घरघरत होता.

"वहिनी, एक सांगते. काकूंच्या कानावर जाऊ द्यायचं नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "काका बोलतात. गेले कित्येक महिने. अख्खी वाक्यं, उपवाक्यांसकट. आत्ता माझीच उलटतपासणी चालली होती."

सुनेने बंद दाराकडे पाहिलं. "मग घरात का नाही बोलत?"

"मला शपथ घातलीय. म्हणतात, उभा जन्म मी बोललो आणि ती गप्प राहिली. आता कुठे तिने तोंड उघडलंय. माझा आवाज तिच्या कानावर गेला, की ती परत मिटेल."

सुनेचे डोळे भरून आले. या माणसाचे आपण कधी मनापासून आभार मानू, असं तिला लग्नानंतर एकदाही वाटलं नव्हतं.

तिने तिथूनच नवऱ्याला फोन लावला. "ताई म्हणतात, फरक आहे. चांगला आहे. कुठे न्यायचं नाही." तो जरा कुरकुरला, मग बरं म्हणाला.

ताई निघाल्या. सून स्वयंपाकघरात आली.

"झाला तास?" सासूबाईंनी घरघरीवर आवाज चढवून विचारलं.

"झाला. बाबा घरीच राहणार."

सासूबाईंनी मिक्सर बंद केला आणि डोळे मिटून हात जोडले. "त्या ताईंचे उपकार फेडायला हा जन्म पुरायचा नाही," म्हणाल्या आणि लगबगीने बाहेर गेल्या. नदी पोहून ओलांडल्याची गोष्ट अर्धीच राहिली होती.

बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "ओ...के?"

सुनेने मिक्सरचं भांडं घासायला उचललं. झाकण काढलं. भांडं कोरडं ठणठणीत होतं, आणि आतल्या कडेला दुकानातून आणतानाचं लेबल अजून जसंच्या तसं चिकटलेलं होतं.